दहावा हिस्सा

एका माणसाच्या दहाव्या हिश्श्यानं उकंडरावांची खुर्ची हुकली.

"नियम तुमचाच हाय," सरपंच भगवानराव म्हणाले. "विरोधी पक्षनेता म्हनवून घ्यायचं तर सभेचा दहावा हिस्सा पाहिजे. आपली पंचायत अकराची. म्हंजे एक पुरा मानूस आन् वरून एकाचा दहावा हिस्सा. तुमी तर एकटेच."

नियम खरंच उकंडरावांचा होता. मेहकरच्या मोटारीनं एक दिवस शिळा पेपर यायचा, तो ते पारावर मोठ्यानं वाचायचे. बासष्टच्या लोकसभेत काँग्रेसचे तीनशे एकसष्ट, कम्युनिस्टांचे एकोणतीस. चारशे चौऱ्याण्णवांत पन्नास विरोधकांपैकी कोणालाच जमले नाहीत, म्हणून दिल्लीला विरोधी पक्षनेताच नाही, हे त्यांनीच गावाकडून पाठ करून घेतलं होतं. आता ते अंगलट आलं.

पंचायतीत सरपंचांना खुर्ची आणि बाकीच्यांना सतरंजी. उकंडरावांना सरपंचांसमोर दुसरी खुर्ची हवी होती. दोन वर्षं ते तिच्यासाठी अर्जावर अर्ज देत होते. खरं तर बायकांनी त्यांना निवडून दिलं ते विहिरीसाठी. खालच्या विहिरीवरची गडगडी मोडली होती आणि बायका नुसत्या हातांनी दोर ओढून पाणी काढत होत्या. तो अर्ज उकंडराव देणारच होते. आधी मान्यता, मग मागणी, असा त्यांचा क्रम होता.

नऊ सदस्य सरपंचांचे, एक उकंडराव, आणि बायकांसाठी राखलेली एक जागा कधीची रिकामी. दुसऱ्या दिवशी जेवताना उकंडरावांच्या डोक्यात उजेड पडला. समोर बायको, शालूबाई, भाकर वाढत होती. दहावा हिस्सा घरातच होता की! त्यांनी तिचं नाव सुचवलं. सरपंचांच्या माणसांपैकी कोणीच आपल्या घरची बाई पंचायतीत धाडायला तयार नव्हता, त्यामुळे ते बिनविरोध मंजूर झालं.

पुढच्या बैठकीला शालूबाई डोक्यावर पदर घेऊन सतरंजीच्या कडेला बसल्या. शिपायानं दुसरी खुर्ची आणून मांडली. उकंडरावांनी ती धोतराच्या सोग्यानं पुसूनही घेतली.

"मान्यता देली," भगवानराव म्हणाले. "पन नेता पक्षानंच निवडायचा ना? दिल्लीले तसंच हाय."

"हाव, तसंच हाय. उरकून टाका," उकंडराव हसून म्हणाले आणि त्यांनी स्वतःसाठी हात वर केला.

शालूबाईंनी केला नाही.

"मी बी उभी हावो," त्या म्हणाल्या.

"काऊन?" उकंडरावांनी कारण विचारलं.

"दोन सालं झाले, तुमी खुर्ची मांगून राह्यले. गडगडी कोन मांगन?"

आणि मग शालूबाईंनी स्वतःसाठी हात वर केला. तळवा दोरानं सोलून निघाला होता. जुन्या घट्ट्यांवर नवे फोड आले होते. या हातची भाकर उकंडराव रोज दोन वेळा खात होते, तळवा मात्र आज पहिल्यांदा पाहत होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एकाला एक मत. सगळी सतरंजी उकंडरावांकडे बघत होती. त्यांनी हात खाली घेतला, थोडा वेळ मांडीवर ठेवला आणि पुन्हा वर केला.

"हिच्यासाठी," ते म्हणाले.

आठ दिवसांत विहिरीवर नवी गडगडी बसली. उकंडराव अजूनही पारावर पेपर वाचतात, दिल्लीचे आकडे सांगतात. मधेच कोणीतरी मुद्दाम विचारतो, "उकंडराव, तुमच्या पक्षाचं बळ किती?"

ते चष्मा पुसतात आणि स्वतःच आधी हसून घेतात.

"एक पुरा मानूस आन् वरून एकाचा दहावा हिस्सा. पुरा मानूस खुर्चीवर बसते. दहावा हिस्सा मी."