खऱ्या प्रोमिथियमच्या खुणा

"उघडू नका सर," महादेव म्हणाला. "शिशाची पेटी हाय. उघडली तर मानूस जलून जातो, असा तो देनारा बोललाय."

एलियास सरांनी हात मागे घेतला. टीपॉयवर नारळाएवढी पेटी होती, सगळ्या कडांना कथलाचा डाग देऊन बंद केलेली. वर इंग्रजीत 'प्रोमिथियम' लिहिलं होतं आणि त्यातही स्पेलिंग चुकलं होतं.

महादेवची बायको जनी सकाळीच येऊन गेली होती. "माजा ऐकत नाय, सर. इमानतलासाठी सरकारनं सगली घेतली, खाडीकडची तेवढी जमीन उरलीय. या पेटीपायी ती गहान टाकलीय, तीबी जायाची. तुमी सांगा त्यांना." सर "बघतो" म्हणाले होते. पण आपल्या शब्दाला रिक्षावाला कधी थांबला नाही, तिथे महादेव काय थांबणार, असं त्यांना आतून वाटत होतं. महादेव त्यांचाच विद्यार्थी. रसायनात नापास झालेला.

"हे खोटं आहे," सर एकदाचे म्हणाले.

"कशावरना?"

सरांना वाटलं होतं तो चिडेल. तो चिडला नाही. खुर्ची पुढे ओढून बसला.

"देणाऱ्यानं काय करून दाखवलं तुला?"

"तांदूल खेचून दावलं पेटीनं."

"तांदळाला कुठलाच धातू खेचत नाही. दाण्यांत लोखंडाचा कीस मिसळला असेल आणि पेटीत लोहचुंबक. प्रोमिथियम हा दुर्मीळ मृदा धातू आहे. किरणोत्सर्गी आहे, पण त्याचे किरण अगदी दुबळे. त्यांना अडवायला साधी काच पुरते. शिसं कशाला?"

"काच," महादेव पुटपुटला. "आनि दिसतो कसा?"

"धातू चंदेरी असतो. त्याचे क्षार मात्र अंधारात आपले आपण उजळतात. फिकट, निळसर-हिरवे. त्याचा रंग पूर्वी घड्याळांच्या काट्यांना लावत. यानातल्या बारीक बॅटऱ्यांत वापरतात, कारखान्यात कागदाची जाडी मोजायलाही."

"मंग ठेवला तर टिकल का?"

"तीच तर गंमत आहे." सर आता वर्गात उभे असल्यासारखे बोलू लागले. "अडीच-पावणेतीन वर्षांत निम्मं होतं. पुन्हा तेवढ्याच काळात उरलेल्याचं निम्मं. जमिनीत तर जवळजवळ नाहीच. अणुभट्टीत तयार करावं लागतं. म्हणून ते खणून काढलं असं कोणी सांगितलं, तर तिथेच उठायचं."

"भट्टीतला," महादेवने मान हलवली. "अजून?"

सरांच्या पत्नी रोझीबाई चहा घेऊन आल्या. "सरांच्या तासाला पोरं डुलक्या काढायची म्हणे. तू बरा कान टवकारून बसलायस."

"तवा डोका नव्हता, बाई," महादेव म्हणाला. कप रिकामा करून त्याने पेटी उचलली. दारात वाकून सरांच्या पायांना हात लावला. "लय उपकार झालं, सर."

त्यानंतर काही दिवस सर पेपरातल्या जमीनविक्रीच्या नोटिसा चष्मा लावून वाचत राहिले. महादेवचं नाव दिसलं नाही. पण म्हणून तो ऐकेलच असं थोडंच होतं? विचारायला जावं, तर पाय उचलत नव्हता.

मग जनीच आली. केळीच्या पानात गुंडाळलेला मासा तिने ओट्यावर ठेवला.

"जिताडा हाय, बाई. आमच्याच तल्यातला. खवल्यांचा बघून आनलाय, तुमा ज्यू लोकांना चालतो तो."

"आणि जमीन?" सरांनी दबकत विचारलं.

"सुटली. तुमच्या बोलन्यानं सुटली, सर."

"पेटी परत केलीत?"

"गेली घरातना," जनी म्हणाली. पदराने तोंड पुसून ती वळली. "मना तिचा नावबी नको."

रोझीबाईंनी माशाला हळद-मीठ लावलं. "बघा, एक तरी विद्यार्थी पास झाला तुमचा." त्या दिवशी सर भात दुसऱ्यांदा मागून जेवले.

रविवारी खारघरहून अवीवचा फोन आला. नेहमीसारखं 'जेवलात का, औषध घेतलंत का' झालं. मग मुलगा थोडा घुटमळला.

"पप्पा, तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं. पण राहवत नाही. तुमचा महादेव आला होता माझ्याकडे."

"तुझ्याकडे? कशाला?"

"त्याच्याकडे प्रोमिथियम होतं ना. जमीन त्यातच अडकली होती त्याची, सोडवायची म्हणून मला विकलं. म्हणाला, सर घाबरट आहेत, स्वतः घ्यायचे नाहीत, पण खुणा सगळ्या त्यांनीच समजावल्या. मी नेटवरही बघितलं, पप्पा. शब्द न् शब्द बरोबर. काचेच्या कुपीत आहे, अंधारात आपोआप उजळतं. अणुभट्टीतलं आहे. शिवाय दिवसेंदिवस कमी होत जाणार, म्हणून घाई केली. फ्लॅट गहाण टाकलाय."

सर खुर्चीतून उठले.

"अवीव, ते खोटं आहे. रेडियमची खेळणी मिळतात ना जत्रेत, तसला रंग असेल. दिव्याखाली धरला की उजळतो, थोड्या वेळानं विझतो. खरं असतं तर कपाटात कोंडून ठेवलेलंही विझलं नसतं. आणि कुपीभर प्रोमिथियम कोणाकडे असूच शकत नाही. प्रयोगशाळेलाही चिमूटभर मिळतं, तेही सरकारी परवान्यावर. तू पोलिसांत जा. आत्ताच्या आत्ता जा."

फोन तुटला की काय, म्हणून सरांनी दोनदा हाक मारली. रोझीबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ऐकतोय, पप्पा," अवीव अगदी हळू म्हणाला. "चिमूटभर, परवाना, आणि विझता कामा नये. अजून काय कमी आहे त्यात ते नीट सांगा, म्हणजे दुरुस्त करूनच पुढच्या माणसाला विकतो."