तुझ्यासाठी थांबवलाय

सन १९८५. दर बुधवारी मी आणि माझी थोरली जाऊ कुंदाताई मिरजेत तीनच्या खेळाला जायचो. सिनेमा कसाही असो, तीन तास अंधारात पाय पसरून बसायला मिळे आणि पाणी मागायला कुणी येत नसे.

त्या दिवाळीत यांनी व्हीसीआर विकत आणला. "आता तुम्हा दोघींची उन्हातान्हातली तंगडतोड बंद," म्हणाले. मनापासूनच म्हणाले.

पहिल्याच रविवारी सगळं घर टीव्हीपुढे बसलं. नायिका पत्र उघडणार, तोच सासऱ्यांनी चहा मागितला. मी उठता उठता मागे वळून बघत राहिले, तेव्हा यांनी बटण दाबलं. "जा, कर निवांत. तुझ्यासाठी थांबवलाय." मग भजी झाली, पापड झाले. दर वेळी सिनेमा माझ्यासाठी थांबला.

"भाऊजी, थिएटरात तो कुणासाठी थांबत नाही, म्हणून तिथं आम्हाला कुणी उठवत नाही," कुंदाताई म्हणाल्या. सगळे हसले.

बुधवारी आम्ही निघालो, तर हे म्हणाले, "अगं, घरात थिएटर असताना?" मी पायातली चप्पल काढली. कुंदाताईंनी काढली नाही.

सासरे गेले, पुढे हेही गेले. कुंदाताई शेवटच्या आजारपणापर्यंत दर बुधवारी एकट्या जात राहिल्या. मुलगा पुण्याला असतो. घरात आता मीच. हाक मारणारं कुणी नाही, तरी सिनेमा लावला की मला तासभरही सलग बसवत नाही.