शरबातचा हात

पहिलटकरणींच्या वर्गात अकरा खुर्च्यांवर अकरा सासवा बसल्या होत्या. पहिले बाळंतपण होईपर्यंत सून उंबरा ओलांडत नाही, दृष्ट लागते. नाइलकाठच्या त्या गावात यात कुणाला वावगे वाटत नसे. नर्स इन्साफने हजेरी घेतली. प्रत्येक सुनेच्या नावाला तिची सासू "हजर" म्हणाली.

"शरबात. वय सतरा, आठवा महिना."

"हजर," हाज्जा बदरिया म्हणाली. "मुलगाच आहे बघ. तोंड कसं उन्हात फुगायला ठेवलेल्या पावाच्या पिठासारखं फुगलंय. अंगठी साबण लावून काढली. डोकं दुखतं म्हणते, डोळ्यांपुढं काजवे चमकतात म्हणते. नखरे मेले!"

इन्साफने खडू खाली ठेवला. "हाज्जा, ही मुलाची लक्षणं नाहीत. तिचा रक्तदाब वाढलाय. झटके आले तर दोन्ही जीव जातील. तिला आत्ता घेऊन या."

"त्यात काय, माझा मोज." बदरियाने बाही सरकवून हात पुढे केला. "एकाच घरातल्या आम्ही. आधीची नर्स माझाच मोजायची."

इन्साफने शरबातचे कार्ड पाहिले. तीन महिन्यांच्या तीन नोंदी: १२०/८०, १२०/८०, १२०/८०.

"कळाही तुम्हीच देणार का?" तिने यंत्र उचलले आणि ती थेट बदरियाच्या घराकडे निघाली.

बदरियाने तिला धापा टाकत दारात गाठले. "आत पाऊल टाकायचं नाही! तुझी कूस रिकामी. तुझी नजर बाधेल पोरीला."

"नजर बाहेर ठेवते. तिचा हात तेवढा द्या."

बदरिया आत गेली. बराच वेळ कुजबुज चालली. मग दार वीतभर उघडले आणि फटीतून एक हात बाहेर आला. इन्साफने दंडाला पट्टा गुंडाळला. १८०/११५. तिने पुन्हा मोजला. तेच. मनगटाच्या वर अंगठा दाबला तेव्हा खड्डा पडला, आणि तो भरून येईना.

"झालं समाधान?" बदरिया आतून म्हणाली. "सोड आता. दार लावायचंय."

इन्साफने एका हाताने रुग्णवाहिकेला फोन लावला. दुसरा हात सोडवून घेणे तिला शक्य नव्हते. सुजलेल्या पाच बोटांनी तिचे मनगट आवळून धरले होते.