भिंतीपलीकडे

भिक्षुणी झालेल्या भाचीला, पालझेसला, घरी न्यायचंच, असं ठरवून मी डोंगरावरच्या मठात गेलो. भिक्षुणी जिथं शास्त्रावर वाद घालतात, त्या अंगणात ती स्वतःहून खाली बसली. "मामा, इथल्या रीतीनं बोलू. उभा असेल त्यानं विचारायचं, बसलेल्यानं उत्तर द्यायचं. हरले तर येते."

तिथं विचारणारे करतात तशी मी पाय आपटून टाळी वाजवली. "सगळं गाव म्हणतंय, पोरीनं परत यावं!"

"गाव म्हणतंय, कबूल. म्हणून ते बरोबर, असं ठरत नाही."

"आपल्या घराण्यात कुणी बाई एवढी शिकलेली नाही!"

"कबूल. म्हणून मी शिकू नये, असंही ठरत नाही."

भोवतीच्या भिक्षुणी हसल्या. मग मी ठेवणीतलं काढलं. "तुझी आई एकटी जेवते. रोज. भिंतीकडे तोंड करून."

तिचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. "कबूल."

"मग ऊठ!"

ती उठली. मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि अशी टाळी मारली, की छपरावरची कबुतरं उडाली.

"मामा, त्या भिंतीच्या पलीकडे कोण जेवतं?"

"आम्ही," मी म्हणालो.

तिचा तेवढा एकच प्रश्न पुरला. पोरीनं माझं एकही वाक्य खोडलं नव्हतं, सगळी कबूल केली होती. आणि तरी हरलो होतो मीच.

गावात पोचलो तेव्हा बहीण दारातच उभी होती. "आणलंस का रे तिला?"

"नाही गं. तिनंच मला पाठवलंय. चल, जेवायला आमच्याकडे."