नलिनीचं काय झालं

संध्याकाळचे पाचच वाजले होते, तरी रुपरावांनी खिडकीवर चादर अडकवली. मग ट्यूबलाइट बंद केला आणि पंखाही. खुनाचा सिनेमा उजेडात सांगायचा नाही, हा या घरचा जुना नियम.

"अजी, पंखा तरी राहू द्या न," पलंगावरून प्रयागबाई म्हणाल्या.

"पंख्याच्या आवाजात खुन्याची पावलं ऐकू येत नाहीत वं."

त्या हसल्या आणि हसता हसता खोकल्या. दोन महिन्यांपासून त्या अंथरुणाला खिळून होत्या. आता उठणं नाही हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हते.

रुपराव नुकतेच धरमपेठेतल्या थेटरातून 'वेल्डर' सिनेमाचा चौथा भाग पाहून आले होते. तिसऱ्यानंतर तीस वर्षांनी आलेला. आधीचे तिन्ही भाग नवराबायकोनं मिळून पाहिलेले, खिशात फुटाणे भरून, आणि प्रयागबाईंची नखं रुपरावांच्या दंडात. आज शेजारची खुर्ची रिकामी होती. अंधार झाला, संगीत वाजलं, पण भीती काही वाटेना. नुसतं एकटं एकटं वाटत राहिलं.

"पहिले हे सांगा, नलिनीचं काय झालं? नव्या भागात जुन्या माणसायले सुरुवातीलेच उडवतेत."

नलिनी म्हणजे गिरणीच्या दवाखान्यातली नर्स. वेल्डिंगचा मुखवटा घातलेल्या खुन्याच्या तावडीतून तीनही भागांत सुटलेली. प्रयागबाईंचा तिच्यावर फार जीव. दवाखान्यात भरती केलं त्या दिवशीसुद्धा त्या म्हणाल्या होत्या, "नलिनीचा सिनेमा येऊन राहिला म्हणे. तवरीक तर राहाले पाहिजे."

पडद्यावर नलिनी पाव तासही टिकली नव्हती. केस पांढरे झालेले, स्वयंपाकघरात पाठमोरी उभी. खुनी मागून आला. बिचारीला ओरडायलाही मिळालं नाही.

"काहून चूप बसले?"

"चूप कुठं बसलो? नलिनीले काय धाड भरली!" रुपराव म्हणाले. "शेवटलोक जित्ती आहे ते."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. स्वयंपाकघरातून उलथनं घेतलं आणि खुन्यासारखं ते वर उगारून दारातून हळूहळू आत आले. नलिनीनं गिरणीच्या जिन्यावरून उडी मारली. नलिनीनं सगळ्या गिरणीची वीज घालवली. सिनेमा सांगताना त्यात पदरचं काही घालायची त्यांना कधी गरज पडली नव्हती; आज सगळंच पदरचं होतं, आणि घाम फुटला होता.

"थांबा," प्रयागबाई म्हणाल्या. "उजवा हात तर तिसऱ्या भागात तुटला होता न त्याचा?"

रुपरावांनी गुपचूप उलथनं डाव्या हातात घेतलं. "डाव्यानंच मारून राहिला न वं तो. अंधारात तुले उजवा दिसला."

"हं. मग?"

मग नलिनीनं त्याला भट्टीत ढकललं. दार लावलं, कडी घातली आणि बाहेर येऊन पायरीवर दम खात बसली. सिनेमा संपला.

प्रयागबाईंनी डोळे मिटले. रुपरावांना वाटलं, डोळा लागला.

"केस पिकले असतील तिचे."

"पिकले न. पण पळते अजून."

"पळू द्या." त्यांचा आवाज एकदम हलका झाला होता. "लोकायनं टाळ्या वाजवल्या असतील."

रुपराव चादर काढायला खिडकीकडे वळले होते. त्यांनी ती तशीच राहू दिली.

"लई वाजवल्या वं," ते म्हणाले. "शिट्ट्यासुद्धा मारल्या."

एवढं मात्र खरं होतं. नलिनी मरून पडली तेव्हा अख्खं थेटर टाळ्या पिटत होतं.