घट्ट की सैल

मोंटानाच्या व्हर्लिनला दुकानातली काडतुसं चालत नसत. तो ती गॅरेजात बसून स्वतः भरायचा. काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या गळ्यानं गोळी किती घट्ट धरावी, यावर त्यानं अख्खा उन्हाळा खर्ची घातला आणि शेवटी निकाल दिला: नुसतं धरल्यासारखं करावं. नेम म्हणे त्यानंच साधतो.

"निसटायची नाही ना?" त्याच्या बायकोनं, मार्लिसनं विचारलं.

"तू तुझी दुकानातली डबी आण. शास्त्र राहू दे माझ्याकडे."

हिवाळा तोंडावर आला होता आणि घरातला फ्रीझर रिकामा होता. हंगाम उघडल्यावर दोघं एल्क हरणाच्या मागावर निघाली. वाटेत तारेचं कुंपण लागलं. ते ओलांडण्याआधी बंदूक रिकामी करायची, म्हणून व्हर्लिननं काडतूस बाहेर काढायचा दांडा, बोल्ट, मागे ओढला. पुंगळी बाहेर आली, गोळी मात्र नळीतच रुतून बसली आणि सगळी दारू बंदुकीच्या पोटात सांडली. शास्त्रज्ञ फुंकर मारत बसले असतानाच समोरच्या झाडीतून एक दांडगा एल्क बाहेर आला आणि निवांत आडवा उभा राहिला.

मार्लिसनं आपल्या बंदुकीत दुकानातलं एक काडतूस भरलं, ती कुंपणाच्या खांबावर टेकवली आणि घोडा दाबला. एल्क जागीच कोसळला.

रात्री ताटात त्याचंच मांस होतं. व्हर्लिननं हात जुळवून, डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, "परमेश्वरा, आज तू आम्हा दोघांच्या हातून ही शिकार..."

"एकीच्या," मार्लिस मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली. "हं, चालू दे पुढे."