अंगावरचं सुटल्यावर

डॉक्टर चंद्रमौळींनी तुळसीचा एक्स-रे खिडकीच्या काचेवर धरला, तशी मागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांची रांग पुढे सरकली. अडीच वर्षांच्या मुलीच्या पायांची हाडं बाहेरच्या अंगाला वाकली होती. समोरासमोर काढलेले दोन कंस असावेत तशी.

हेमावती मुलीला मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती. तमिळ मुलखातल्या या इस्पितळाच्या शेजारच्याच इमारतीत ती शरीरशास्त्र शिकवत असे. रांगेतला प्रत्येक चेहरा तिच्या वर्गातला होता. आज तिच्याकडे सरळ कोणीच बघत नव्हतं.

"दूध पिते?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन टंबळर. सकाळी एक, रात्री एक. कधी चुकत नाही."

"मग कॅल्शियम पोटात जातंय. हाडांत का येत नाही? तू सांग, सरोजा."

सरोजाने घसा साफ केला. "तान्ह्या पिलाचं आतडं दुधातलं कॅल्शियम जवळजवळ सगळं आत घेतं, सर. आपोआप. अंगावरचं दूध सुटलं की ते कमी होत जातं. मग डी जीवनसत्त्व लागतं. म्हणजे ऊन लागतं." आणि खाली बघत ती म्हणाली, "हे मॅडमनीच शिकवलं."

शिकवलं होतं, आणि मन लावून शिकवलं होतं. उंदरांची काही पिलं उजेडात ठेवली होती, काही काळोखात. आईचं दूध पीत होती तोवर सगळी सारखीच वाढली. दाणा खायला लागल्यावर काळोखातली मागे पडली. त्यांच्या आतड्याचा तुकडा, मोजा उलटा करावा तसा काचेच्या कांडीवर उलटा करून, तिने याच मुलांना दाखवला होता. "नुसतं पोटात घालून भागत नाही," असं ती तेव्हा म्हणाली होती.

"मूल उन्हात जातं का?" डॉक्टरांनी विचारलं.

हेमावतीने मुलीचा झगा गुडघ्यांखाली ओढला. तुळसीने आपला गाल तिच्या दंडावर टेकला होता. गाल केळीच्या गाभ्यासारखा होता आणि दंड काळासावळा.

डॉक्टरांची नजर दाराशी उभ्या असलेल्या सईबाईंकडे गेली. नऊवारीतली सासू बघताच त्यांना उत्तर मिळालं. तिला कळावं म्हणून ते तमिळमध्ये म्हणाले, "अम्मा, हे तुमचं काम दिसतं. नात काळी पडेल म्हणून घरात कोंडलीत ना? घरात एवढी शिकलेली सून, आणि तिचंही ऐकत नाही! पोरीचे पाय वाकवून ठेवलेत तुम्ही."

रांगेत कोणीतरी हसलं.

सईबाईंनी सुनेकडे पाहिलं. रोज सकाळी त्या नातीला देवळाच्या तळ्याकडे न्यायला निघायच्या आणि रोज हेमावती दार लावून घ्यायची. "माझ्यासारखी दिसायला नको ती, आत्याबाई. मला बघायला येऊन किती जण परत गेले, तुम्हाला ठाऊक नाही."

"होय, डॉक्टर," सईबाई म्हणाल्या. "मीच. जुनी खोड. आता नेईन तिला."

हेमावतीने तोंड उघडलं. सगळे डोळे आता सईबाईंवर होते, तिच्यावर एकही नव्हता. तिला हायसं वाटलं. मग आपल्याला हायसं वाटलं हे तिला कळलं, आणि तिची मान वर होईना.

"हाडं कोवळी आहेत, सरळ होतील," डॉक्टर औषध लिहीत म्हणाले. "पण ऊन हवं. रोज."

बाहेर अंगणात दहाचं ऊन पडलं होतं. हेमावती पायरीवरच थांबली.

"आत्याबाई, तुम्ही असं का सांगितलंत?"

"अगे, उद्या त्याच लेकरांपुढे उभं राहून शिकवायचं हाय न्हवं तुला? मज म्हातारीस कोण पुसतं?" सईबाईंनी पदर खोचला. "दार तू लावत होतीस, खरं. मी तरी कुठं ओढून उघडलं? आता रडू नको गे. उतरव तिला."

"मी आत जाऊन सांगते त्यांना."

"सांग की. आधी उतरव."

हेमावतीने तुळसीला वाळूवर उभं केलं. मुलीने डोळे गच्च मिटले, मग किलकिले केले. वाकड्या पायांवर डुलत ती चार पावलं चालली आणि आईच्या सावलीत येऊन उभी राहिली.

हेमावती बाजूला सरली. तुळसी पुन्हा सावलीत आली.

हेमावती आणखी सरली. तुळसीला तो खेळ वाटला. ती खिदळत तिच्या मागे धावली.